तिपाईचा तोल

शिरवळच्या चाचणी मैदानात तिसऱ्या वळणावर वाळू पसरायची वेळ आली की केतकी यादव फावडं दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. थर किती जाड, बारीक खडी किती, कडेपासून किती आत, हे सगळं तिला स्वतः करायचं असे. डंपरमधून सांडलेली वाळू घाटातल्या वळणावर जशी पडलेली असते, हुबेहूब तशी ती दिसायला हवी.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला मांडवाखाली वाहतूक समितीची माणसं बसली होती. आधी दुचाकी आली. तिच्यावर माणसाच्या वजनाचा पुतळा बसवलेला होता आणि गाडी संगणक चालवत होता. गाडी ऐटीत आत कलली, पुढचं चाक वाळूत शिरलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुतळा एकीकडे, गाडी दुसरीकडे. मांडवात कुणीतरी "आई गं!" म्हणालं. मग त्याच वळणावर, त्याच वेगानं, तशीच कलत तीनचाकी मोटारसायकल आली. वाळूत जराशी कुरकुरली आणि निघून गेली.

"तीन चाकं म्हटल्यावर पडेलच कशी?" एक वयस्क सदस्य म्हणाले.

"रिक्षा पडते की, साहेब," केतकी म्हणाली. "रिक्षाला वळताना आत कलता येत नाही, म्हणून जोरात वळली की ती बाहेरच्या बाजूला उलटते. दुचाकी कलते, पण तिची गंमत वेगळीच आहे. ती उभी असते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती सारखी पडतच असते. डावीकडे पडायला लागली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाक पडत्या अंगाखाली येतं आणि गाडी सावरते. मग उजवीकडे. असं सतत. म्हणून पुढचं चाक घसरलं की सावरायचं साधनच हातातून जातं. ह्या गाडीला पुढं दोन चाकं आहेत आणि दोन्ही एकदम कलतात. एक वाळूत सापडलं तरी दुसरं रस्ता धरून ठेवतं."

"आणि तोल?"

"तो गाडी सांभाळते," असं म्हणून तिनं शेजारी उभ्या असलेल्या इम्तियाज मुजावरकडे बोट दाखवलं. "म्हणजे ह्यानं लिहिलेला प्रोग्राम सांभाळतो."

इम्तियाजनं त्याला पूर्वतोल असं नाव दिलं होतं. सीटखालच्या पट्ट्यांना स्वाराच्या कमरेची अगदी सूक्ष्म हालचाल कळायची. माणूस कलायला लागण्याआधी त्याचे स्नायू किंचित ताणले जातात. तो ताण ओळखून गाडी आधीच सावरून घ्यायची. आपण डुललो हे स्वाराला कधी समजतच नसे. कार्यशाळेतल्या मुलांनी गाडीला 'तिपाई' म्हणायला सुरुवात केली होती आणि बाजारात आल्यावर कंपनीनं ठेवलेलं लांबलचक नाव बाजूला पडून तेच नाव लोकांच्या तोंडी बसलं.

केतकीचा विभाग गेली दोन वर्षं दोन्ही गाड्यांची तुलना करत होता. एकाच वयाच्या, एकाच तालुक्यातल्या माणसांच्या जोड्या लावायच्या, एकाला दुचाकी, दुसऱ्याला तिपाई, आणि कोण किती वेळा पडतं ते बघायचं. निकाल डोळे दिपवणारा होता. तिपाईवरून पडणाऱ्यांची संख्या निम्म्याहूनही कमी होती. साठीपुढच्या माणसांत तर फरक आणखी मोठा. समितीचा मसुदा जवळपास तयार होता: साठीनंतर दुचाकीचा परवाना मिळणार नाही, फक्त तिपाईचा. केतकीचा अंतिम अहवाल आला की सही.

"उत्तम," संचालिका रेवती सरदेशमुख माणसं गेल्यावर म्हणाल्या. "आयुष्यात एकदाच असा अहवाल हातून होतो, केतकी. महिन्याभरात संपव."

केतकीला स्वतःला हा अहवाल संपवायची घाई होती, आणि त्याचं कारण पाटणला होतं.

*

तिचे वडील जालिंदर यादव पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाले होते. कोयनेच्या दोन्ही अंगांच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी उभा जन्म मोटारसायकलवरून गुरांना लसी टोचत काढला. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे, घरचे तात्या. दुचाकी म्हणजे तात्यांचं अंगच. चिखलातून, ओढ्यातून, मागच्या सीटवर लसीची पेटी आणि कधी कधी एखादं करडू घेऊन ते गेलेले होते आणि कधी पडले नव्हते. पडले ते निवृत्तीनंतर, मोरगिरीच्या फाट्यावर, खडीवर. खांद्याजवळचं हसळीचं हाड मोडलं. ते सांधलं, पण मन सांधलं नाही. माणूस ओट्यावर बसून राहायला लागला. पेपरमधलं शब्दकोडंसुद्धा आईला सोडव म्हणायचा.

मग तिपाई बाजारात आली आणि केतकीनं त्यांना ती घेऊन दिली. पहिल्या दिवशी ते गाडीभोवती तीन-चार वेळा फिरले, गुराची पारख करतात तसं प्रत्येक चाकावर थाप मारून बघितली आणि म्हणाले, "हे म्हाताऱ्यांचं खेळणं झालं." दुसऱ्या दिवशी ढेबेवाडीपर्यंत जाऊन आले. आठवड्याभरात पुन्हा कुणाची म्हैस फळत नाही, कुणाची गाय दूध चोरते हे बघायला फिरायला लागले. आवाज परत आला, भूक परत आली. आई फोनवर म्हणाली होती, "तुझ्या गाडीनं माझा माणूस परत आणला बघ."

त्यामुळे केतकी ह्या वेळी सुट्टीला पाटणला गेली ती जरा फुशारक्या मारायच्या तयारीनंच. तिच्या अहवालामुळे आता सगळ्या राज्यातले तात्या ओट्यावरून उठणार होते.

दुपारी आई शालन शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"विचार की."

"हे हल्ली पँट घालताना भिंतीला टेकतात."

केतकी हसलीच. "आई, अडुसष्ट वर्षांचे आहेत ते."

"ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी टेकत नव्हते. हाड मोडलं होतं तेव्हासुद्धा एका हातानं पँट चढवायचे, उभ्यानं, खोलीच्या मधोमध. आता पलंगावर बसतात, नाहीतर भिंत धरतात. आणि गेल्या पंधरवड्यात बांधावरून खाचरात गेले. मला सांगितलं नाही. पँट धुताना चिखल बघितला मी."

"चक्कर येते का?"

"नाही म्हणतात. दवाखान्यातही नेलं. बीपी, साखर सगळं जागच्या जागी."

संध्याकाळी तात्या आले. अंगणात वळताना तिपाई अशी डौलात कलली की केतकीला वाळूतलं आपलं वळण आठवलं. त्यांनी गाडी थांबवली, पाय खाली टाकला, उतरले आणि दोन पावलं चालताना हात बाजूला पसरले. होडीतून उतरलेला माणूस चालतो तसे. त्यांचं त्यांना कळलंही नाही.

"तात्या, एका पायावर उभे राहा बघू."

"का? शाळेत घातलंस काय मला?"

"राहा तर खरं."

त्यांनी पाय उचलला आणि लगेच टेकवला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा ते चिडले. "वय झालं गं. ह्यात काय बघायचं?"

वय झालं, हे उत्तर बरोबर असू शकलं असतं. पण केतकीचा स्वभाव असा की तिला बरोबर असू शकणारं उत्तर पुरत नसे. तिनं स्वतःच्या चपला काढल्या आणि अंगणात एका पायावर उभी राहिली. डोळे मिटले. तुळशीचा कट्टा हाताशी होता म्हणून बरं, नाहीतर ती सरळ आईच्या शेंगांच्या सुपात जाऊन पडली असती.

केतकी छत्तीस वर्षांची होती. तिला चक्कर येत नव्हती, बीपी नव्हतं. आणि गेलं दीड वर्ष ती साताऱ्याहून शिरवळला रोज तिपाईवरून जात-येत होती.

*

"उभा राहा," तिनं सोमवारी इम्तियाजला फर्मावलं.

इम्तियाज प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एका पायावर, डोळे मिटून उभा राहिला. तिपाईचा मेंदू त्यानंच लिहिला होता, पण स्वतः अजून जुन्या दुचाकीवर यायचा. सवय सुटत नाही म्हणायचा. तो बराच वेळ उभा राहिला. मध्येच जांभईही दिली.

"आता कॅन्टीनमधल्या मावशींना बोलाव. आणि लेखा विभागातले ते दोघं. आणि गेटवरचे शिंदे."

अर्ध्या तासात व्हरांड्यात जत्रा भरली. माणसं बगळ्यासारखी उभी आणि केतकी मधून फिरत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती: कामावर कशावरून येता? हसणं-खिदळणं चाललं होतं, पैजा लागत होत्या. पण हळूहळू इम्तियाजचं हसणं थांबलं. तिपाईवाले भराभर पाय टेकत होते. दुचाकीवाले टिकत होते. पन्नाशीच्या मावशी स्कूटीवरून यायच्या, त्यांनी लेखा विभागातल्या तरण्याबांड पोराला हरवलं.

"ही काही चाचणी नव्हे," इम्तियाज म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

"नव्हेच. पण काय असेल सांग."

तो व्हरांड्याच्या कठड्यावर बसला. बराच वेळ बोटांनी कठड्यावर ठेका धरत राहिला. मग म्हणाला, "पोहायला शिकताना बाबांनी पोटाखाली हात धरलेला असतो बघ. तो हात सुटला की आपण गटांगळी खातो आणि मग शिकतो. मेंदूचं तसंच असतं. डोक्याच्या मागच्या बाजूला छोटा मेंदू आहे, तो फक्त चुकांवर जगतो. कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो की आपण इतकं कललो. घोटे सांगतात, असं असं झालं. छोटा मेंदू त्या चुकीवरून पुढची चूक कमी करतो. रोज, आयुष्यभर. त्याचं हे शिक्षण कधी संपत नाही आणि शाळा बंद पडली तर तो विसरायलाही लागतो."

"आणि आपली गाडी..."

"माझी गाडी," इम्तियाज म्हणाला, "चूक व्हायच्या आधीच पुसून टाकते. रोज दोन-दोन तास. चालताना माणूस थोडा तरी डुलतो. पण गाडीवर वेगात, वळणावर शरीराला तोलाची खरी तालीम होते, ती मी काढून घेतली. इतकी सफाईनं की कुणाला कळलंच नाही. मला बक्षीस मिळालं त्याबद्दल."

केतकीच्या मनात तेव्हा भीती नव्हती, हे तिनं नंतर आईजवळ कबूल केलं. तेव्हा होती ती निव्वळ उत्सुकता. दोन वर्षं आपण हजारभर माणसांना विचारत आलो, 'गाडीवरून पडलात का?' आपण कधी विचारलंच नाही, 'गाडीवर नसताना पडलात का?'

तिनं तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली. ती, इम्तियाज आणि विभागातली दोन मुलं दिवसभर फोन करत. उत्तरं यायची ती सहज, हसतखेळत. वाईची एक शिक्षिका न्हाणीघरात घसरली होती. फलटणचा एक दुकानदार मेव्हण्याची दुचाकी घेऊन निघाला आणि चौकातच आडवा झाला. आयुष्यभर चालवलेली गाडी अशी अनोळखी कशी वाटली म्हणून तो अजून विचार करत होता. कऱ्हाडच्या एका आजोबांचं माजघराच्या उंबऱ्याला अडखळून खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांच्या सुनेनं सांगितलं, "गाडीवर मात्र एकदाही पडले नाहीत हो. गाडी फार चांगली."

सगळे आकडे एकत्र मांडले तेव्हा चित्र असं दिसलं: तरुणांत तिपाई अजूनही पुष्कळ पुढं होती. त्यांचे गाडीबाहेरचे अपघात थोडे वाढले होते, पण रस्त्यावरचे इतके कमी झाले होते की सौदा फायद्याचा होता. साठीपुढं मात्र तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीत आली. रस्त्यावर वाचलेली हाडं घरात मोडत होती.

*

"म्हणजे तुझं म्हणणं काय? दुचाकी चांगली?" रेवती मॅडमनी विचारलं.

"नाही. खडीवर दुचाकी घसरतेच. ते खोटं ठरलेलं नाही."

"मग?"

उत्तर इम्तियाजनं दिलं. त्यानं चार दिवस खपून पूर्वतोलात एक बदल केला होता. वेगात आणि घसरड्या जागी गाडी पूर्वीसारखीच राखण करणार. पण हळू चालताना, सायकलच्या वेगात, ती मुद्दाम जरा उशिरा सावरणार. स्वाराला आधी डुलू देणार, त्याचा त्याला सावरू देणार, अगदीच जमलं नाही तर हात देणार. त्यानं त्याला 'सैल' म्हटलं होतं.

"आणि हात द्यायला उशीर झाला तर?"

"तर स्वार पडेल," इम्तियाज म्हणाला. "हळूच पडेल. पण पडेल."

रेवती मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी समितीपुढं जाऊन काय सांगू? की आम्ही एक न पडणारी गाडी बनवली आणि आता ती थोडी पाडायची परवानगी द्या? उद्या सैलवरून एखादे आजोबा पडले तर पेपरात कुणाचं नाव येईल, केतकी? घरात पडलेल्या माणसाचा दोष कुणी गाडीला देत नाही. गाडीवरून पडलेल्याचा देतात."

"म्हणून तर आजपर्यंत दिसलं नाही, मॅडम."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला. मग मॅडम म्हणाल्या, "सगळं माहीत असून जे तयार होतील त्यांच्यावर करून बघा. मी समितीकडून तीन महिने मागून घेते. पुढं मात्र माझ्याकडे मागायला काही उरणार नाही."

माणसं मिळाली. ज्यांच्या घरात एक पडणं होऊन गेलं होतं, ती तर लगेच तयार झाली. केतकीच्या वडिलांना नियमानं ह्यात घेता येत नव्हतं. संशोधकाचा नातेवाईक चालत नाही. त्यांचं काय करायचं ते तिनं एकटीनं ठरवायचं होतं.

ती पाटणला गेली आणि जेवणं झाल्यावर तात्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा हळूहळू ओट्यावरच्या दिवसांसारखा होत गेला.

"म्हणजे गाडी काढून घेणार माझी."

"तसं नाही, तात्या. एक तर गाडी कमी चालवा, रोज चाला, व्यायाम करा. नाहीतर..."

"चाला!" तात्या उसळले. "चालत जाऊ का मणदुऱ्याला? लोक वाट बघतात माझी. दोन वर्षं इथं मढ्यासारखा बसलेलो, तेव्हा तू पुण्याला परिषदा करत होतीस. ह्या गाडीनं मला माणसात आणलं. आणि आता तूच म्हणतेस, त्याच गाडीनं..." त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

"नाहीतर सैल करून देते. पण मग तुम्ही पडाल. एकदा तरी पडालच."

"कर की मग सैल. मी काय पडलो नाही जन्मात?"

"तात्या, तेव्हाचं वय..."

"वय काढू नकोस!"

"मला कुणी विचारणार आहे का?" आई मध्येच म्हणाली. ती ताटं उचलत होती. ती तिनं तशीच खाली ठेवली. "हाड मोडलं तेव्हा सहा आठवडे ह्यांना न्हाऊमाखू मी घातलं. शर्टाची बटणं मी लावली. आताही पडले तर निस्तरायचं मलाच आहे. तुम्ही दोघं वय आणि गाडी घेऊन भांडताय."

केतकी आईकडे वळली.

"तू सांग," केतकी म्हणाली.

"हे न्हाणीत पडले तर मला आवाज येईल तेव्हा कळायचं. शेतावर पडले तर तेही नाही." आई पदराला हात पुसत बोलत होती. "पडायचंच असेल तर दिवसाउजेडी पडू दे. शाळेच्या मैदानावर, मऊ मातीत, माझ्या डोळ्यांदेखत. कर सैल."

*

मैदान घराजवळच होतं. केतकीनं सगळी जय्यत तयारी केली होती. हेल्मेट, कोपरांना-गुडघ्यांना पट्टे, जाड जाकीट. तात्या त्यात एखाद्या क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखे दिसत होते आणि कमालीचे अवघडले होते. तिनं फोनवरून गाडीचा तोल सैल केला. तात्यांनी गाडी सुरू केली, वीसेक हात पुढं नेली आणि ती डावीकडे झुकायला लागली.

केतकी धावली. तात्यांनी हात उंच करून तिला थांबवलं. हँडल उजवीकडे ओढलं. तेच चुकलं होतं, गाडी आणखीच झुकली आणि शेवटच्या क्षणी तिनंच स्वतःला सावरलं.

"पडत्या बाजूला वळवा, तात्या! डावीकडे पडते तर डावीकडे!"

"मला शिकवतेस!" तात्या ओरडले. पण त्यांच्या चेहऱ्यावर एक चमत्कारिक आश्चर्य पसरलं होतं. हे आपल्याला येत होतं, आणि आता येत नाही, हे त्यांना त्या क्षणापर्यंत खरं वाटलं नव्हतं.

ते रोज मैदानावर जायला लागले. आई शेंगांचं सूप घेऊन कडुलिंबाखाली बसायची. पहिले दिवस ते वैतागून परत यायचे. मग हळूहळू त्यांच्या फोनवरच्या बोलण्यात फरक पडला. ते आता म्हशींबद्दल कमी आणि डुलण्याबद्दल जास्त बोलायचे. "आज आठचा आकडा काढला. डावा फेरा जमतो, उजवा जमत नाही, का गं?" केतकीनं इम्तियाजला विचारलं. इम्तियाज म्हणाला, हसळी उजवीकडचीच मोडली होती ना, तो खांदा अजून कचरत असेल. मग दोघा पुरुषांचेच फोन सुरू झाले. इम्तियाजनं त्यांच्यासाठी उजव्या बाजूचा सैल वेगळा बसवून दिला. तात्या त्याला "मुजावर मास्तर" म्हणायला लागले.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ते पडले. मैदानावर नाही. आता जमतंय म्हणून आईला न सांगता ते सैलवरच गल्लीत गेले, कुत्रं आडवं आलं, गाडी सावरायच्या आत हात टेकला. मनगट मोडलं.

केतकी रात्रीच्या जेवणाआधी दवाखान्यात पोचली. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तात्या बाकावर बसले होते. तिनं फोन काढला आणि त्यांच्या गाडीचा सैल बंद केला. आपण स्वतःच्या बापाला पाडलं, हे वाक्य तिच्या डोक्यातून हलत नव्हतं.

"काय केलंस?" तात्यांनी विचारलं.

"घट्ट केली. संपलं आता."

तात्या प्लास्टरकडे बघत राहिले. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

*

समितीची बैठक पुढच्याच आठवड्यात होती. केतकीनं सगळं मांडलं, काही हातचं न राखता. सैल वापरणारी माणसं सैलवरून जास्त वेळा पडली होती. खरचटणं, सुजणं, दोन मनगटं. शिवाय तिसरं माझ्या वडिलांचं, ते आकड्यांत धरलेलं नाही, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, असंही ती म्हणाली. पण त्याच माणसांचं घरातलं, शेतातलं पडणं पुष्कळ कमी झालं होतं. खुबा एकाचाही मोडला नव्हता. तीन महिने म्हणजे फार थोडे, हेही तिनं सांगितलं.

"थोडक्यात सांगा," ते वयस्क सदस्य म्हणाले. "दोन चाकं की तीन?"

"रस्त्यावर तीन, साहेब. त्यात मला शंका नाही. पण माणूस रस्त्यावर दिवसातून दोन तास असतो. उरलेले बावीस तास त्याला दोन पायांवर काढायचे असतात. ते पाय आम्ही मोजलेच नव्हते."

"मग सक्ती करायची की नाही?"

"तिपाईची सक्ती करू नका. आणि सैलचीही नको. दोन्हींत काय मिळतं आणि काय जातं ते विकताना सांगायची सक्ती करा. निवड ज्याची त्यानं करावी. आणि माझा अभ्यास आणखी पाच वर्षं चालू द्या."

मसुद्यातलं साठीचं कलम वगळलं गेलं. रेवती मॅडमना आयुष्यात एकदाच होणारा अहवाल मिळाला नाही. त्याऐवजी पाच वर्षांचं काम मिळालं. बाहेर पडताना त्या केतकीला म्हणाल्या, "तुझ्यावर रागवावं की नाही ते मला अजून ठरवता येत नाही," आणि तिला चहाला घेऊन गेल्या.

प्लास्टर निघालं त्या दिवशी केतकी पाटणला होती. तात्यांनी मनगट उलटसुलट फिरवून बघितलं, मग आत जाऊन कपडे बदलले आणि बाहेर आले. दारात आई उभी होती. ती केतकीकडे बघून हळूच म्हणाली, "भिंत धरली नाही. मी बघितलं."

तात्या गाडीवर बसले. "सैल कर."

"तात्या..."

"तू लोकांना काय सांगून आलीस? निवड ज्याची त्यानं करायची. मग? बाप झाला म्हणून मी लोकांत बसत नाही होय?" ते थांबले. आवाज खाली आला. "मैदानावरच चालवीन. तुझी आई बसेल समोर. गल्लीतलं माझं चुकलं."

केतकीनं फोन हातात घेतला. तिला सगळे आकडे पाठ होते आणि त्यांतला एकही ह्या एका माणसाबद्दल खात्रीनं काही सांगत नव्हता. तिनं आईकडे बघितलं. आईनं होकारार्थी मान डोलावली. केतकीनं सैल चालू केला.

मग तिनं आणखी एक गोष्ट केली. शेजारच्या दीपालीकडून तिची दुचाकी मागून घेतली आणि तात्यांच्या मागोमाग मैदानावर गेली. जवळजवळ दोन वर्षांत ती दुचाकीवर बसली नव्हती. गाडी सुटली. हँडल हातात वळवळत होतं, जमीन कधी ह्या अंगाला, कधी त्या अंगाला सरकत होती. तिनं दोन्ही पाय खाली सोडले आणि बदकासारखी पाय मारत पुढं जाऊ लागली.

समोरून आठचा आकडा काढत तात्या येत होते, किंचित डुलत, प्रत्येक डुलण्यातून स्वतःला बाहेर काढत.

"पाय वर घे!" ते ओरडले. "पाय वर घे आणि लांब बघ!"

केतकीनं पाय वर घेतले.